मूळ स्वरूप म्हणजे नेमके कोणाचे? सीमेवरच्या भुईकोटांबाबत खुले पत्र

प्रति,
पुरातत्त्व खात्यातील अधिकारी, जिल्हा प्रशासन, दुरुस्तीची कामे घेणारे ठेकेदार आणि गडसंवर्धनासाठी घाम गाळणारी सर्व मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

सोलापूर, परंडा, नळदुर्ग, औसा, उदगीर. भीमा, सीना, बोरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतल्या या भुईकोटांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके आणि माहितीफलकांचे मसुदे वाचताना एक शब्दप्रयोग सतत आढळतो: ‘मूळ स्वरूपात जीर्णोद्धार’. हे पत्र त्या तीन शब्दांबद्दल आहे. या पट्ट्यातल्या एकाही किल्ल्याला एकच मूळ स्वरूप नाही. तरीही ते शोधायला निघालो की कोणता तरी एक थर खरा ठरतो आणि बाकीचे अतिक्रमण म्हणून खरवडले जातात. खरवडलेला थर परत येत नाही.

सोलापूरचेच पाहा. सिद्धेश्वर तलावाकाठच्या या कोटाच्या आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि कोट बहमनी काळातला आहे. बहमनी राज्य फुटल्यावर तो अहमदनगर आणि विजापूर यांच्या बरोबर मधे आला. 1524 मध्ये बुऱ्हाण निजामशहाचे लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाले तेव्हा सोलापूर आंदण म्हणून द्यायचे ठरले, पण दिले गेले नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत पुढची कित्येक वर्षे लढाया झाल्या. मग चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले आणि या वेळी निजामशाहीने सोलापूर विजापूरला आंदण दिले. त्याच सोयरिकीतून जुळलेली फळी 1565 मध्ये विजयनगरवर चालून गेली. 1624 च्या भातवडीच्या लढाईनंतर निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने सोलापूर जिंकले, 1636 च्या तहाने ते पुन्हा आदिलशहाकडे गेले आणि 1668 मध्ये मोगलांना मिळाले. पुढे निजाम, 1795 च्या खर्ड्याच्या लढाईनंतर पेशवे, 1818 मध्ये इंग्रज. आता यातले मूळ स्वरूप कोणते धरायचे?

परंड्याच्या तोफेचे उदाहरण याहून बोलके आहे. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे 55 टन, तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. ती परंड्याच्या कोटात होती. 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती तिथून विजापूरला नेली. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला, आणि त्याने आधीचा निजामशाही लेख पुसला नाही. 1854 मध्ये इंग्रजी अमलात ती भंगार म्हणून लिलावात निघाली. बोली 150 रुपयांवर थांबली आणि सुदैवाने तोफ जागीच राहिली. तिच्यावरचा एकच लेख वाचून फलक लिहिला तर ती निजामशाही तरी ठरेल नाहीतर मोगल तरी, आणि दोन्ही फलक अर्धवट. किल्ल्याची भिंतही अशीच वाचायची असते.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी भिंत वाचायला शिका. चुना न घालता फक्त घडीव दगड एकावर एक बसवलेले थर दिसले, त्यात मंदिराच्या पीठाची नक्षी, स्तंभाचा तुकडा किंवा उलटे बसवलेले कीर्तिमुख दिसले, तर ते दगड आधीच्या इमारतीचे आहेत. दगड चालुक्य किंवा यादव काळातला आहे म्हणून भिंतही त्या काळातली ठरत नाही. हेमाडपंती दगड दिसला की ‘यादवकालीन तट’ लिहून मोकळे व्हायचे, ही फार जुनी सवय आहे. भिंतीचा काळ तिच्यात सर्वांत शेवटी बसलेला दगड ठरवतो. दोन बांधकामे जिथे भिडतात तिथला सांधा पाहा. एकाचे थर दुसऱ्यात गुंतले असतील तर दोन्ही बहुधा एकाच वेळची. सरळ उभी फट असेल तर जे टेकले आहे ते नंतरचे. तोफा आल्यावर बहुतेक बुरुजांची उंची आणि कठड्यांची जाडी वाढली. दगडी चर्यांमधल्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्यातल्या, मोकळ्या जागा विटांनी बुजवून त्यांत नव्या जंग्या (मारा करायची भोके) ठेवलेल्या दिसतात, त्या याच बदलाच्या खुणा. त्या विटा ‘नंतरची भर’ म्हणून काढू नयेत. धनुष्याकडून तोफेकडे युद्ध कसे सरकले हे त्या हातभर विटकामात लिहिलेले असते.

आता तारखांकडे वळतो. फलकांवर सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि टाळायलाही याच सर्वांत सोप्या.

या पट्ट्यातले लेख आणि कागद निदान चार कालगणनांत आहेत. शालिवाहन शकात 78 मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर 79. हिजरी सन चांद्र आहे, त्याचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे. त्यात सरसकट एकच आकडा मिळवता येत नाही. हिजरी वर्षाला 33 ने भागा, आलेला आकडा त्यातून वजा करा आणि 622 मिळवा. मुलूखमैदानवरचे 956 असे तपासा: 956 मधून 29 गेले, 927 उरले, अधिक 622 म्हणजे 1549. औरंगजेबाच्या लेखातले 1097 याच रीतीने 1686 येते. हे गणित एखाद्या वर्षाने चुकू शकते. महिना दिलेला असेल तर जंत्री (तारखांचे तक्ते) उघडलीच पाहिजे, कारण 1097 हे वर्ष 1685 च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते.

खरा घोळ सुहूर सन आणि फसली सनाचा. दख्खनच्या कारभारात रुजलेला सुहूर सन, म्हणजेच अरबी साल किंवा मृगसाल, सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवे साल. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. दख्खनी फसलीही शेतीच्या हंगामाची, पण तिचा आरंभ शहाजहानच्या काळातला, त्यामुळे तिच्यात 590 मिळवायचे, आणि सालाच्या उत्तरार्धात 591. उत्तरेकडच्या फसलीचा आकडा आणखी वेगळा आहे, तो इथे लावू नये. एकच आकडा तीन गणनांत कुठे नेतो ते पाहा. 1195 हा सुहूर सन असेल आणि महिना मार्चचा, तर इसवी सन 1795, म्हणजे खर्ड्याच्या लढाईचे साल. तोच आकडा फसली धरला तर 1786, हिजरी धरला तर 1781. हे 14 वर्षांचे अंतर म्हणजे पेशवाईतला एक अख्खा कालखंड.

मोडी कागदांत सुहूर सन अंकांत कमी आणि अरबी शब्दांत जास्त येतो. इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9, अशर 10. पुढे अशरीन 20, सलासीन 30, अर्बैन 40, खमसैन 50, सितैन 60, सबैन 70, समानीन 80, तिसैन 90. मया 100, मयातैन 200, अलफ 1000. एकक आधी येतो, हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161, आणि जानेवारी असेल तर 1761: पानिपतचे साल. चूक होते ती सलास आणि सलासीन, सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन यांत, कारण घाईच्या मोडीत शब्दाचे शेपूट पुसट असते. ‘सबा सबैन’ सारखी जोडी आली तर दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्यावी. फारसी शिलालेखांत आणखी एक प्रकार असतो: साल अंकांत नसते, शेवटच्या ओळीतल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज म्हणजे साल. लेख ‘तारखेविना’ असल्याचे जाहीर करण्याआधी ही बेरीज करून पाहावी.

फलकावर मूळ गणनेतला आकडा जसाच्या तसा आणि शेजारी इसवी सन, असे दोन्ही छापा. पुढच्या वाचणाऱ्याला आपली चूक पकडता आली पाहिजे.

शिलालेख वाचण्यासाठी त्यात खडू, शेंदूर किंवा ऑइलपेंट भरू नका. रंग अक्षराच्या खोबणीत नाही, रंगवणाऱ्याला दिसलेल्या अक्षरात भरला जातो. एकदा चुकीचा नुक्ता (फारसी अक्षराचा ठिपका) रंगला की पुढची पिढी तोच वाचते. त्याऐवजी रात्री जा. बॅटरी दगडाला जवळपास समांतर धरा, 15 ते 20 अंशांच्या तिरप्या कोनात, आणि चारही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्या. चौकटीत मोजपट्टी हवी. दिवसा न दिसलेली निम्मी अक्षरे सावलीने उभी राहतात. साफसफाई साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने करावी. तारेचा ब्रश, आम्ल किंवा वाळूचा फवारा अजिबात नको. कागदी ठसा घेणे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, ते खात्याच्या परवानगीनेच व्हावे.

आता चुन्याचे काम. सिमेंटने तट सांधणे हे आजारापेक्षा औषध जालीम होण्याचे उदाहरण आहे. जुना तट म्हणजे बाहेरून घडीव दगडाची दोन कातडी आणि मधे दगडगोटे, माती व चुन्याचा भराव. पावसाळ्यात पाणी फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरून, भरावात उतरते आणि सांध्यांतल्या चुन्यातून हळूहळू बाहेर सुकते. सांध्यात सिमेंट भरले की हा मार्ग बंद होतो. पाणी आत साठते, भराव फुगतो, भिंतीला पोट सुटते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तटाचा तुकडा एकदम खंदकात बसतो. सिमेंटमधले क्षार दगडाच्या कडांत जाऊन पापुद्रे सोडवतात ते वेगळेच. लोक म्हणतात दगड जुना झाला होता. बहुतेक वेळा दगडाला श्वास घ्यायला जागा उरलेली नसते.

चुना भट्टीतून आणलेला कळीचा हवा, पिशवीतली भुकटी नको. तो भरपूर पाण्यात विरवा. पाणी आधी टाकीत, चुना नंतर थोडा थोडा. उलट केल्यास उकळते शिंतोडे डोळ्यांत जातात, म्हणून चष्मा आणि हातमोजे लागतातच. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, तीन महिने मुरला तर उत्तम. मसाल्यासाठी 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटेची पूड) आणि 1 ते 2 भाग धुतलेली, खरबरीत नदीची वाळू. खंदकाकडच्या आणि बंधाऱ्याच्या ओल्या भागात सुरखी वाढवा. नीट भाजलेल्या विटेची सुरखी चुन्याला ओलाव्यातही धरायला लावते. कच्च्या विटेच्या सुरखीत तो गुण नसतो, ती फक्त लाल माती. मसाला चुन्याच्या घाण्यात किंवा चक्कीत चिकट होईपर्यंत मळायचा. फावड्याने दोनदा उलथला की झाला, असे नसते. बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी आणि गूळ ही परंपरेतली भर उपयोगी आहे, पण जास्त गुळाने मसाला दिवस दिवस धरत नाही. आधी हातभर नमुना करून पाहावा आणि मगच भिंतीला लावावा. जुन्या मसाल्याचा ढेकळाएवढा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्याचे प्रमाण काढता येते. ते करण्याआधी निविदेत प्रमाण लिहूच नये.

सांधा 25 ते 40 मिलिमीटर खोल मोकळा करा, तोही छिन्नी-हातोडीने. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. धूळ धुऊन दगड भिजवा. कोरडा काळा दगड मसाल्यातले पाणी ओढून घेतो आणि चुना जळतो, म्हणजे भुगा होऊन गळतो. मसाला थरांत दाबून भरायचा आणि दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा. नंतर ओले गोणपाट 14 ते 21 दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, आणि त्याला ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणून भर मे महिन्यातल्या दुपारी आणि धो धो पावसात हे काम होत नाही. दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते म्हणून मार्चमध्ये घिसाडघाईने सांधे भरले जातात आणि एप्रिलच्या उन्हात ते सुकून गळतात. हे वेळापत्रक बदलणे पूर्णपणे प्रशासनाच्या हातात आहे. बिल देण्याआधी सांध्याचा तुकडा फोडून आत फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. गुलाबी रंग आला तर आतला चुना अजून कच्चा आहे.

श्रमदान करणाऱ्या मंडळांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. तटातला पिंपळ किंवा उंबर दोर लावून ओढू नका, मुळासोबत दगड येतात. खोड कापून मूळ मारावे, वर्षभर लक्ष ठेवावे. मूळ कुजले की तिथे पोकळी उरते. ती पातळ चुन्याने खालून वर भरत जावी, वरून ओतल्यास आत हवा अडकते. दुसरे खंदकाचे. खंदकातला गाळ हा कचरा नाही, तो थराथरांनी साचलेला दप्तरखाना आहे. जेसीबीने उपसला की सहा राजवटी एका ट्रॉलीत मिसळतात. तटाच्या पायथ्याची माती तर जाणकार अभियंत्याने पाहिल्याशिवाय काढूच नये, तिच्या आधारावर पाया उभा असतो. गोळे, नाणी, खापरे मिळाल्यास जागा आणि खोली लिहून ठेवा, हात लावण्याआधी छायाचित्र घ्या आणि कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तोफगोळे धुऊन, रंगवून दरवाज्यात रचले की शोभा येते, पण कोणता गोळा कोणत्या बुरुजाखाली पडला होता हे कायमचे हरवते.

मराठ्यांच्या थराबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे भावना तीव्र आहेत आणि त्या आम्हालाही आहेत. या भुईकोटांत मराठ्यांची खूण दगडात कमी आणि कागदात जास्त आहे. तट निजामाचा आणि भोवतालच्या गावांतून शेकडा 25 चौथाई व शेकडा 10 सरदेशमुखी पेशव्यांचा कमाविसदार (वसुली अधिकारी) वसूल करणार, अशी दुअमली इथे वर्षानुवर्षे होती. एकाच गावाच्या वसुलीचे दोन राज्यांत दोन हिशोब. खर्ड्याचा किल्ला बांधणारे सुलतानजी निंबाळकर निजामाच्या चाकरीतले मराठे सरदार. शहाजीराजांनी 1633 मध्ये पेमगिरीला निजामशाहीचा वारस गादीवर बसवून मोगलांशी झुंज दिली. 1760 मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. हा इतिहास पुरेसा थोर आहे. त्यासाठी आदिलशाही बुरुजाला नवे नाव देण्याची किंवा फारसी लेखावर गिलावा चढवण्याची गरज नाही. त्याच न्यायाने ‘या किल्ल्याचा मराठ्यांशी संबंध नाही’ असे लिहिणारा फलकही चुकतो. त्याने कागद पाहिलेले नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित थर शेवटच्या दोनशे वर्षांचा. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत नळदुर्ग जिल्हा कंपनी सरकारकडे दिला. कर्नल मेडोज टेलर तिथे कारभार पाहत होता. 1860 मध्ये तो जिल्हा निजामाला परत मिळाला. 13 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईतली पहिली चकमक याच नळदुर्गापाशी झाली. तिथे पर्यटक येतात ते इब्राहिम आदिलशहाच्या काळातला 1613 चा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला, आणि ते योग्यच आहे. बोरी नदीचा बंधारा किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडतो आणि पाण्याच्या भिंतीआड माणूस कोरडा उभा राहतो, असे काम दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण त्याच कोटातल्या एकोणिसाव्या शतकातल्या पडक्या इमारती ‘इंग्रजी’ म्हणून दगडांची खाण होऊ नयेत.

आमच्या मागण्या अशा. अंदाजपत्रकातून ‘मूळ स्वरूपात जीर्णोद्धार’ काढून ‘आहे त्या स्थितीत स्थिरीकरण’ लिहावे. काम सुरू होण्याआधी तटाच्या प्रत्येक दर्शनी भागाचे मोजमापासह छायाचित्रण व्हावे आणि सुटे दगड क्रमांक घालून ठेवावेत. नव्याने बसवलेल्या दगडावर छोटी, कोपऱ्यातली का होईना, सालाची खूण असावी, म्हणजे आपला थरही पुढच्यांना ओळखता येईल. फलकाचा मजकूर फारसी, मोडी आणि हळेकन्नड (जुनी कन्नड) वाचणाऱ्या निदान एकेका जाणकाराने तपासल्याशिवाय छापू नये. चुनेकामाची निविदा पावसाळ्यातच निघावी, म्हणजे दसऱ्याला मुरलेला चुना जागेवर असेल. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या निषिद्ध आणि त्यापुढच्या 200 मीटरच्या नियंत्रित पट्ट्याची हद्द जमिनीवर दगड रोवून दाखवावी, कारण नकाशातली रेषा बांधकाम करणाऱ्याला दिसत नाही.

परंड्याच्या फलकासाठी मसुदा सोबत देत आहोत. यात दुरुस्ती सुचवावी:

‘परंडा. बहमनी काळातला भुईकोट. अहमदनगर मोगलांनी 1600 मध्ये घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला इथे गादीवर बसवले. मुलूखमैदान तोफ 1632 पर्यंत याच कोटात होती. 1634 मध्ये शहाजादा शुजाचा वेढा अपयशी ठरला. 1636 च्या तहाने आदिलशाहीकडे, 1660 मध्ये मोगलांकडे, नंतर निजामाकडे. तटात आधीच्या मंदिरांचे दगड वापरलेले आहेत. दगडांना हात लावू नये, पण थांबून पाहावे.’

आपले,
शिलालेख, मोडी दप्तर आणि चुनेकाम यांत काम करणारे काहीजण